ओठ दिसले पाहिजेत

आमच्या गल्लीत नामदेवकाकांनी मोबाइल वर धरला की बाप्ये तोंडातला खर्रा थुंकतात, बायका तोंडावरचा पदर खाली घेतात आणि सगळे शिस्तीत उन्हाकडे तोंड करून उभे राहतात. काकांचा तसा नियमच आहे.

काका खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमधले रिटायर्ड फिटर. उभा जन्म मशीनपाशी गेला, त्यामुळे मोबाइलही त्यांच्या लेखी मशीनच. व्हिडिओ काढण्याआधी ते सदऱ्याच्या टोकाने कॅमेऱ्याची काच पुसणार, फोन उलट्या बादलीवर टेकवणार, पडद्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर बोट दाबून फोकस पक्का करणार. ॲपमध्ये शिरून सेकंदाला तीसऐवजी साठ चित्रं लावणार. "मशीन हालली का माल गेला," हे त्यांचं ब्रीद.

दोन वर्षांपूर्वी मी बदली होऊन त्यांच्या शेजारी राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात काकांनी मला अंगणात उभं करून नाव, गाव, काय जेवलो, सगळं विचारलं. मग फोन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"सर, मिशी जराशी कापता का? ओठ दिसून नाई राह्यले."

मिशी म्हणजे आमच्या घराण्याची एकमेव इस्टेट. मी हसून विषय टाळला.

आवाजाची मात्र काकांना अजिबात फिकीर नसे. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला शेजारची पिठाची गिरणी धडधडत होती. ती थांबेपर्यंत थांबू, असं मी म्हणालो.

"आवाजाले काय करता? उजेड चालला," म्हणत त्यांनी केकसकट सगळ्यांना अंगणात आणलं आणि सूर्याकडे फिरवलं. वाऱ्याने मेणबत्त्या विझल्या, मुलगी रडायला लागली आणि माझा तोल गेला. "लेकराचा वाढदिवस घालवलात. हा कसला छंद?" मी चारचौघांत बोललो. काकांनी फोन खिशात घातला. त्यानंतर तो फोन आमच्या अंगणात आला नाही.

दिवाळीला त्यांची लेक वंदना आली. नाशिकला ती शिवणाचं दुकान चालवते. मला बघून हसली आणि जरा मोठ्यानेच म्हणाली, "तुमीच ते सर. त्या दिवशी खिचडी खारट झाली होती तुमच्या घरी." दारातून बायकोने माझ्याकडे पाहिलं. वंदना पुढे म्हणाली, "बाकीचं समजलंच नाई. मिशी आडवी आली."

मी काकांकडे बघितलं.

"बाराव्या वर्षी तापात कान गेले तिचे," ते म्हणाले. "फोनवर बोलता येत नाई. मंग गल्लीच पाठोतो तिले. ओठ पाहून सारं वाचते माही पोरगी." बोलताना म्हातारा ताठ उभा राहिला होता.

"लिहून पाठवत नाही का?"

"लिहून पाठोलं त कोन काय म्हनलं ते समजते, सर. कसं म्हनलं ते नाई समजत."

मला माझीच लाज वाटली.

भाऊबीज करून वंदना गेली, त्याच सकाळी मी मिशी उतरवली. आरशातला माणूस काही ओळखीचा वाटला नाही. तसाच काकांच्या अंगणात गेलो, उन्हाकडे तोंड केलं आणि म्हणालो, "आणा तुमची मशीन."

काकांनी काच पुसली, बादली पालथी घातली, माझ्या चेहऱ्यावर बोट दाबलं. "बोला, सर."

"वंदनाताई," मी सावकाश म्हणालो, "त्या वाढदिवसाला मी तुमच्या बाबांना नको ते बोललो. माझं चुकलं."

काकांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. डोळे पुसले, मग पुन्हा काच पुसली.

"परत एकदा म्हना," ते म्हणाले. "मशीन नाई हालली. तुमचे ओठ हालले."