तीन पायांचा स्टँड

आमच्या गृहसंस्थेच्या सामाईक गाडीतले जीपीएस यंत्र सोमवारी सकाळी गतिरोधकावर पडले. ते ज्या स्टँडवर बसत असे, त्याची रबरी वाटी उन्हाने कडक झाली होती. तिने काच सोडली. यंत्र ड्रायव्हरच्या मांडीवर आले, तिथून पायाखाली गेले, आणि ड्रायव्हर कर्तव्यदक्ष असल्यामुळे त्याने त्याच क्षणी ब्रेक दाबला.

यंत्र पुरते मेले नाही. त्याचा पडदा काळा झाला, पण वाचा शिल्लक राहिली. तीही एका वाक्यापुरती. बटण दाबा, न दाबा, थोड्या थोड्या वेळाने ते म्हणे, "शक्य असेल तिथून मागे वळा."

दुसरी एखादी संस्था असती, तर गाडी यंत्राविना चालली असती. आमची संस्था नियमाने चालते. गेल्या वर्षी ड्रायव्हरने अध्यक्षांना चुकीच्या लग्नाला पोचवले होते. अध्यक्ष पोटभर जेवले, भेट दिली, नवरदेवाला संसाराबद्दल चार हिताच्या गोष्टी सांगितल्या, फोटोत मधोमध उभे राहिले, आणि निघताना नवरीच्या वडिलांनी "आपण कोण?" असे विचारले तेव्हा कुठे त्यांना शंका आली. त्यानंतर सभेत ठराव झाला. यंत्र चालू असल्याशिवाय आणि ते मान्यताप्राप्त स्टँडवर बसवलेले असल्याशिवाय गाडीचे चाक फिरणार नाही. ड्रायव्हर यंत्र सांगेल तसाच जाईल, स्वतःची अक्कल वापरणार नाही. या शेवटच्या कलमाबद्दल ड्रायव्हरने समितीचे आभार मानले. ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्याकडे सगळेच ठराव एकमताने मंजूर होतात. सभा संध्याकाळी असते आणि प्रत्येकाला घरी जायचे असते.

आता तळमजल्यावर राहणाऱ्या शिवणमावशींचे गुरुवारी सकाळी डोळ्याचे ऑपरेशन होते. मावशी अख्ख्या इमारतीचे कपडे शिवतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. सुईत दोरा ओवायचा झाला की त्या दार उघडून बसायच्या आणि जिन्यावरून जाईल त्याला हाक मारायच्या. गुरुवारची तारीख हुकली तर पुढची सहा महिन्यांनी मिळणार होती.

"सहा महिन्यांनी सुई राहू द्या, मला मशीन चाचपडत शोधावी लागेल," मावशी म्हणाल्या.

दवाखाना आमच्या गच्चीवरून दिसतो. त्याची पाटीसुद्धा वाचता येते. सरळ जायचे, पेट्रोल पंपाशी उजवीकडे वळायचे, की आला. मावशींनी हे ड्रायव्हरला सांगितले. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, रस्ता मला माहीत आहे हे तुम्ही मोठ्याने बोलू नका. नोकरी जाईल माझी."

मग मावशी अध्यक्षांकडे गेल्या. "गाडी नसेल तर नसू दे. कुणीतरी हात धरून चालत नेलं तरी चालेल मला."

"असं कसं? संस्थेची गाडी दारात उभी असताना सभासद पायी गेला, तर संस्थेची काय अब्रू राहील?" अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही निश्चिंत राहा. विषय समितीकडे घेतला आहे."

खरे सांगायचे तर आमच्यापैकी कोणीही मावशींना हात धरून नेले असते. पण विषय समितीकडे होता, आणि समितीकडे असलेल्या विषयात मध्येच हात घालणे बरे दिसत नाही.

चिटणीस त्याच दिवशी यंत्र घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने ते उलटेपालटे केले.

"शक्य असेल तिथून मागे वळा," यंत्र म्हणाले.

"दुरुस्त होईल," दुकानदार म्हणाला, "पण महिना जाईल. त्यापेक्षा हे नवीन न्या. याला डोकं आहे. गाडीत बसलात तर गाडीचा रस्ता दाखवतं, पायी निघालात तर पायवाट दाखवतं. तुम्ही काही सांगायचं नाही, ते चाल बघून ओळखतं."

"जुन्या स्टँडवर बसेल ना?"

"नाही. याची मागची खाच वेगळी. स्टँड आधी ठरवा. काचेवर चिकटणारा हवा, डॅशबोर्डवरचा हवा, की एसीच्या जाळीत अडकवायचा?"

चिटणीस मनातून आनंदले. तीन पर्याय म्हणजे सभा घ्यावीच लागणार.

मंगळवारी सभा भरली. जुने यंत्र पुरावा म्हणून टेबलावर ठेवले होते. अध्यक्ष उठून उभे राहिले. "बंधूंनो आणि भगिनींनो, आपली संस्था पुढे जाणारी संस्था आहे..."

"शक्य असेल तिथून मागे वळा."

त्यावर टॉवेल टाकण्यात आला आणि कामकाज सुरू झाले. पहिल्या मजल्याचे म्हणणे, स्टँड काचेवरच हवा, परंपरा आहे. दुसऱ्या मजल्याचे म्हणणे, काचेने आपला विश्वासघात केला, आता डॅशबोर्ड. तिसऱ्या मजल्याला जाळी हवी होती. त्यांना जाळीचे विशेष काही नव्हते, पण पहिल्या दोन मजल्यांशी सहमत होण्याची त्यांची पद्धत नाही.

"जाळीत लावलं की यंत्राला गार वारा लागतो," तिसरा मजला म्हणाला.

"आणि माणसांना?" दुसऱ्या मजल्याने विचारले.

"माणसं काच खाली करू शकतात. यंत्र करू शकतं का?"

मुद्दा बिनतोड होता. त्यामुळे चर्चा आणखी लांबली.

मावशी कोपऱ्यातून म्हणाल्या, "अहो, मांडीवर धरते मी ते. परवाचा एक दिवस."

अध्यक्षांनी त्यांच्याकडे दयेने पाहिले. "मांडी मान्यताप्राप्त नाही, मावशी."

शेवटी कोणीही नाराज होणार नाही असा तोडगा निघाला. तीन पायांचा स्टँड करायचा. एक पाय काचेला, एक डॅशबोर्डवर, एक जाळीत. असा स्टँड बाजारात मिळत नाही, कारण बाजाराला सगळ्या मजल्यांची मने सांभाळायची नसतात. वेल्डरला बोलावून लोखंडाचा करून घेतला. बुधवारी तो बसवला, आणि पुन्हा पडायला नको म्हणून चारही बाजूंनी बोल्ट मारले. नवे यंत्र त्यात असे घट्ट बसले की भूकंप झाला तर इमारत पडेल, यंत्र नाही.

गुरुवारी सकाळी मावशी धुतलेले लुगडे नेसून, कापडी पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या. ड्रायव्हर आपल्या जागेवर बसला आणि तसाच खाली उतरला.

"साहेब, तीन पायांचा मध्य बरोबर माझ्या नाकासमोर येतो. मला रस्ता दिसत नाही."

चिटणीस म्हणाले, "रस्ता यंत्रात दिसतो ना?"

"रस्ता दिसतो. रस्त्यावरची माणसं दिसत नाहीत."

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला. स्टँड काढणे शक्य नव्हते. तो ठरावाने बसवला होता, काढायला दुसरा ठराव लागला असता, आणि गणपूर्तीला लागणारी माणसे कामावर गेली होती. तेव्हा असे ठरले की चिटणिसांनी शिट्टी घेऊन गाडीपुढे चालावे, म्हणजे माणसे बाजूला होतील. ड्रायव्हरने यंत्राकडे बघावे आणि शिट्टी ऐकावी.

मिरवणूक निघाली. पुढे शिट्टी फुंकणारे चिटणीस, मागे त्यांच्या चालीने सरकणारी गाडी, बाजूने अध्यक्ष. मागच्या मोटारींचे भोंगे सुरू झाले. अध्यक्षांना तो सन्मान वाटला. त्यांनी हात हलवला.

मावशींनी विचारले, "पोचू ना रे बाबा वेळेत?"

"यंत्र सांगेल तसं, मावशी."

आणि पेट्रोल पंपाच्या अलीकडे यंत्राने आपले डोके चालवले. इतका वेळ इतक्या संथ चालीने जाणारा प्राणी मोटारीत बसलेला असणे शक्य नाही, असा त्याने निष्कर्ष काढला. ते म्हणाले, "आपण पायी आहात. उजवीकडे बागेच्या दारातून आत जा. पायऱ्या चढा."

ड्रायव्हरने गाडी उजवीकडे वळवली. बागेच्या दाराला गाडीचे दोन्ही आरसे लागले आणि गाडी थांबली. पलीकडे पायऱ्या होत्या.

"यंत्र पायऱ्या चढा म्हणतंय," ड्रायव्हर म्हणाला. "अक्कल वापरू का?"

"खबरदार!" अध्यक्ष म्हणाले. "नियम म्हणजे नियम. पायऱ्यांना उतार करून मिळेल का, हे बागेच्या खात्याला विचारावं लागेल."

"किती दिवस लागतील?" चिटणिसांनी विचारले.

तेवढ्यात मागचे दार उघडले. मावशी खाली उतरल्या, चाचपडत पुढे आल्या आणि त्यांनी चिटणिसांचे मनगट पकडले. शिवणकामाची पकड ती, सुटणारी नव्हती.

"चला."

"मावशी, पण ठरावाप्रमाणे..."

"यंत्र काय म्हणालं? पायी आहात, पायऱ्या चढा. मी यंत्राचंच ऐकते आहे. तुम्ही कोणाचं ऐकताय?"

चिटणिसांना यात नियमाविरुद्ध काही सापडले नाही. ते पायऱ्या चढले. घाबरल्यामुळे शिट्टी तोंडातच राहिली होती, ती प्रत्येक श्वासाला वाजत होती. बागेतली माणसे बाजूला होत गेली आणि मावशी वेळेवर दवाखान्यात पोचल्या. ऑपरेशन झाले. डोळा चांगला झाला.

पुढच्या सभेला मावशी डोळ्यावरचे हिरवे झाकण काढून पहिल्या रांगेत बसल्या. अध्यक्षांनी अहवाल मांडला. नव्या यंत्राने व तीन पायांच्या स्टँडने पहिल्याच फेरीत सभासदाला सुखरूप व वेळेवर पोचवले. या अनुभवावरून असे दिसते की यंत्र उत्तम आहे, अडचण गाडीची होते. सबब, यंत्राला धक्का लागू नये म्हणून गाडी यापुढे हलवू नये. सभासदांनी गाडीत बसून रस्ता ऐकून घ्यावा आणि मग पायी जावे.

"अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत."

घड्याळाकडे बघत सगळ्यांनी हात वर केले. ठराव एकमताने मंजूर झाला असे अध्यक्ष म्हणणार, इतक्यात मावशी उठल्या आणि मागे वळून आमच्याकडे एकटक बघू लागल्या.

"आपला विरोध आहे का, मावशी?" अध्यक्षांनी विचारले.

"नाही हो. किती दिवसांनी स्वच्छ दिसतंय, ते बघते आहे. मी म्हणायची, एवढी पक्की शिवण घालते, तरी यांचे सदरे उजव्या काखेतच कसे उसवतात? दोऱ्याला दोष देत होते मी."

सगळे हात एकदम खाली आले.

तुम्ही हसलात, चांगले झाले. आता जरा तुमचा सदरा उजेडात धरून बघा.