भाऊ परबांची बारा पदकं

भाऊ परबांना तीन वाढदिवस होते. आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत बाकी सगळ्यांचं एकावर भागायचं.

पहिला एक जूनचा. तो मालवणकडच्या शाळेतल्या मास्तरांनी दिलेला. नाव घालायला नेलं तेव्हा जन्मतारीख कुणालाच सांगता येईना. मास्तर म्हणाले, "पोरगा समोर उभा आहे, म्हणजे जन्मलाच असणार," आणि लिहून टाकली एक जून. दुसरा खरा, श्रावणातला. त्याची तिथी भाऊंच्या आईबरोबरच गेली. भाऊंची बायको, म्हणजे आमच्या काकी, होत्या तोवर श्रावणात मनाला येईल त्या दिवशी त्या खीर करायच्या आणि भाऊ एका वर्षाने मोठे व्हायचे.

तिसरा डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारचा. हा भाऊंनी स्वतः ठरवलेला. त्याला ते 'ऑफिशल' म्हणत.

भाऊ फोर्टातल्या एका गोऱ्या कंपनीत पट्टेवाले होते. इंग्रज होते तेव्हा तिथे दर जूनला राजाच्या वाढदिवसाची पार्टी व्हायची आणि हिरवळीवर सरबताचे ट्रे भाऊ फिरवायचे. एकदा त्यांना कळलं की हा राजा मुळात जन्मलाय डिसेंबरात. हा धक्का त्यांनी चाळीस वर्षं जपून ठेवला. काकी गेल्या त्याच्या पुढच्याच डिसेंबरात त्यांनी आपला पहिला ऑफिशल वाढदिवस केला.

भाऊ पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहत, साहेबाने जाताना दिलेला काळा कोट घालून. साहेब मोठा असावा, कारण कोटाच्या बाह्यांतून भाऊंची फक्त बोटं दिसत. खाली सोसायटीची मुलं सायकलींवरून रांगेने जात. हे घोडदळ. सर्वांत मागे तिघं तीनचाकीवाले. मग एकवीस तोफा, म्हणजे वाण्याकडच्या कागदी पिशव्या फुगवून फोडायच्या. एका वर्षी चौदावी नुसतीच फुस्स झाली, तर भाऊंनी पुन्हा एकपासून मोजायला लावलं.

शेवटी पदकं. दुधाच्या बाटल्यांची चंदेरी झाकणं एकावर एक ठोकून, वर लाल फीत लावून भाऊ ती घरी करत. जिन्यातला दिवा न चुकता लावणाऱ्या देसाईबाईंना एक. हार्मोनियम शिकायचं सोडून दिल्याबद्दल तिसऱ्या मजल्यावरच्या मोडकांना एक. आणि दर वर्षी बाराच. कुणी तेरावं मागितलं तर भाऊ म्हणत, "नाय. बाराच."

मी कॉलेजात गेले त्या वर्षी दामले नवे सेक्रेटरी झाले. त्यांनी कमिटीच्या मीटिंगमध्ये भाऊंचा अर्ज बाजूला सरकवला.

"भाऊ, तुमच्या पेन्शनच्या कागदावर एक जून आहे. खोट्या वाढदिवसाला मी अंगण देणार नाही. यंदाही नाही, पुढेही नाही."

"खोटो नाय. ऑफिशल आसा."

"ऑफिशल म्हणजे काय ते तरी सांगा."

भाऊंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी इंग्लिश मीडियमची, म्हणून दोन दिवसांपूर्वी त्यांनी मला कॉलेजच्या लायब्ररीतून 'राजाचा सगळा' शोधून आणायला सांगितलं होतं. मी आणलं होतं. पण बोलायचंही मलाच आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांशी माझं 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलणं. समोर अकरा माणसं बसली होती.

"सांग गो चेडवा," भाऊ म्हणाले. मी लिहून दिलेला कागद त्यांनी खिशातून काढून माझ्यापुढे धरला. म्हणून मी उठले.

"त्यांचा एक राजा नोव्हेंबरात जन्मला," मी कागदाकडे बघत म्हणाले. "तिथे तेव्हा थंडी आणि पाऊस. रस्त्यावर लोक उभे राहणार कसे? म्हणून त्याने समारंभ उन्हाळ्यात नेला. पलटणी संचलन करतात, तोफा उडतात, चांगलं काम केलेल्यांना पदकं जाहीर होतात. आताची राणी एप्रिलमधली आहे. तरी समारंभ जूनमध्येच."

"म्हणजे राणीलाही दोन?" देसाईबाईंनी विचारलं.

"हो."

"मग खरा कुठला?" दामले म्हणाले.

हे माझ्या कागदावर नव्हतं. "दोन्ही," मी म्हणाले. "एक तिचा. दुसरा बघणाऱ्यांचा. लोकांना येता यावं म्हणून तो वेगळा काढलेला असतो. भाऊ श्रावणातले आहेत. श्रावणात आपल्या अंगणात पाणी असतं."

"गुडघाभर," मोडक म्हणाले. "आणि ते काढणं सेक्रेटरीचं काम."

हसण्यात दामलेसुद्धा सापडले. हात वर झाले ते अकराच्या अकरा.

आदल्या दिवशी भाऊंनी मला यादी सुवाच्य अक्षरात लिहायला बोलावलं. अकराच नावं होती. "बारावा मागाहून सांगतंय," ते म्हणाले. ओट्यावर दुधाच्या दोन बाटल्या होत्या. एकट्या माणसाला दोन कशाला, असं मी विचारलं.

"एक तिची. ती गेल्यार बंद करूक जमला नाय. दूध झाडूवाल्या शांताबाईक जाता." मग झाकण अंगठ्याने सपाट करत म्हणाले, "झाकणा मी ठेवतंय. म्हयन्याक एक पदक होता."

मी खाली मान घालून यादी पूर्ण केली.

रविवारी लख्ख ऊन होतं. घोडदळ निघालं, एकवीसच्या एकवीस पिशव्या पहिल्याच फटक्यात फुटल्या. मी गॅलरीत भाऊंच्या शेजारी उभी राहून नावं वाचली, मागच्या गेटपर्यंत ऐकू जातील अशी. अकरावं पदक दामल्यांना मिळालं, मत बदलता येतं म्हणून. ते त्यांनी शर्टावर सरळ करून घेतलं.

मग भाऊंनी कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि बारावं नाव स्वतः पुकारलं. ते माझं होतं. खाली देसाईबाईंनी टाळ्या सुरू केल्या आणि सगळं अंगण वाजायला लागलं.

कोटाच्या लांब बाहीतून बोटं बाहेर काढून भाऊंनी फीत माझ्या खांद्याला टाचली. मी पदक उलटून पाहिलं. मागे खिळ्याने महिना कोरला होता, श्रावण.