गाडीत माणूस आहे

चष्मेवाले सकाळी दुकानाला जायला म्हणून खाली उतरले आणि दोन मिनिटांत धापा टाकत परत वर आले.

"अगं, बाहेर ये आधी! खाली चल! बघ काय करून ठेवलंय आपल्या गाडीचं!"

"काय झालं? कुणी ठोकली का?" बायकोनं विचारलं. तिच्या आवाजात काळजीपेक्षा आशा जास्त होती.

"ठोकली असती तरी चाललं असतं! पालिकेनं कागद चिकटवलाय. पुढच्या काचेवर. हे वाहन बेवारस असल्याचे आढळून आले आहे म्हणे! बेवारस!"

बायकोनं शांतपणे हात पुसले. "मग खोटं काय आहे त्यात? वारस आहे कोण तिला? लेकीला विचारलंत तर ती म्हणाली, 'बाबा, दागिने द्या, भांडी द्या, पण गाडी नको.'"

चष्मेवाल्यांना हे बोलणं लागलं. चौकातलं चष्म्याचं दुकान त्यांचं, म्हणून सगळा परिसर त्यांना चष्मेवाले म्हणे. दुकान सुरू झालं त्याच वर्षी त्यांनी ही छोटी गाडी घेतली होती. तेव्हा तिचा रंग पिस्त्यासारखा होता. आता तो कशासारखा आहे यावर घरात एकमत नव्हतं. चालकाचं दार आतून उघडायचं नाही. काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची कडी ओढायची, अशी पद्धत होती. मागची दारं लेक लहान असताना तिनं वाटेत उघडू नयेत म्हणून कुलपावर टाकली होती. लेकीचं लग्न झालं, पण ते कुलूप काही परत सुटलं नाही. आणि गेले काही दिवस क्लचची तार तुटल्यामुळे गाडी झाडाखाली उभी होती. नवी तार मिळून बसली ती कालच संध्याकाळी. तेवढ्या मुदतीत तिच्यावर धूळ बसली, पानं पडली, पाखरांनीही आपापला हातभार लावला. पण म्हणून बेवारस?

"त्यांना दिसतं तरी का नीट?" चष्मेवाले ओरडले. "माझ्या दुकानात आणा एकेकाला. नंबर काढून देतो!"

ते दुकानातून काचा पुसायचं औषध घेऊन आले आणि कागद खरवडायला बसले. पालिकेनं रस्त्याच्या डांबरात घातला नसेल इतका चिकटपणा त्या कागदाच्या खळीत घातला होता. तासाभराच्या घासाघाशीनंतर तारीख निघाली, शिक्का निघाला, मुदत निघाली, कार्यालयाचा पत्तासुद्धा निघाला. उरला तो मधला एकच शब्द. जाड, काळ्या अक्षरांतला 'बेवारस'. औषधानं पुसल्यामुळे तो आता चांगला चकाकत होता.

"आधी निदान जवळ जाऊन वाचावं लागत होतं," वरच्या खिडकीतून बायको म्हणाली. "आता समोरच्या फुटपाथवरूनही दिसतंय."

चष्मेवाल्यांनी औषधाची बाटली आपटली. "मी जातो पालिकेत. आणि गाडी घेऊनच जातो! चालती गाडी त्यांच्या दारात उभी करतो, मग बोलू देत काय बोलायचंय ते!"

आणि गाडी खरोखर चालली. दुसरा गिअर पडायला थोडी विनवणी करावी लागली, पण चालली. पालिकेच्या आवारात त्यांनी ती डाव्या बाजूच्या भिंतीला अगदी खेटून लावली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कुणी खरचटवायला नको. काचेतून हात काढून दार उघडलं, उतरले आणि तरातरा पहिल्या मजल्यावर गेले.

तक्रारीच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नोटीस आणलीय?"

"नोटीस काचेवर आहे!"

"मुदत काय दिलीय तिच्यात?"

"मुदत..." चष्मेवाले अडखळले. "मुदत निघाली."

"निघाली म्हणजे संपली?"

"संपली नाही हो, निघाली! घासताना निघाली!"

"मग संपलीय की नाही, हे मी कसं सांगणार?" बाई म्हणाल्या. "आणि गाडी चालते याला आधार काय?"

"आधार? मी ती चालवत आणलीय बाई! डोळ्यांनी बघा. ती बघा, खाली भिंतीशी उभी आहे!"

बाई मनानं चांगल्या होत्या. त्या उठल्या, आवाराकडच्या खिडकीपाशी आल्या आणि खाली वाकून बघितलं. "भिंतीशी? कुठली? ती क्रेननं उचलतायत ती?"

चष्मेवाल्यांनी पाहिलं. तीच होती. क्रेनवाला सकाळपासून बेवारस गाड्या शोधत गावभर फिरून रिकामा परतला होता. आवारात शिरतो तो समोरच, काचेवर ठळक अक्षरांत नाव घेऊन, एक गाडी आपल्या पायांनी चालत आलेली. देव देतो तेव्हा असा दारात आणून देतो. त्यानं पुढच्या चाकांना साखळ्या लावल्या होत्या आणि गाडीचं नाक हळूहळू आभाळाकडे चाललं होतं.

जिना कसा उतरले हे चष्मेवाल्यांना पुढे आठवलं नाही. "ए! थांब! खाली ठेव तिला!"

"काका, बाजूला व्हा. बेवारस गाडी आहे."

"मी वारस आहे तिचा!"

"ते वर ऑफिसात सांगा. आम्हाला काचेवर लिहिलंय तेवढं कळतं."

वर सांगून हे इथं आले होते, आणि हा पुन्हा वर पाठवत होता. चष्मेवाल्यांच्या डोक्यातली नस तडतडली. त्यांनी दाराची कडी ओढली आणि तशा तिरप्या गाडीत चढून बसले. नाक वर असल्यामुळे दार आपल्याच वजनानं मागे आलं आणि असं धाडकन आपटलं, की खाली असलेली काच दचकल्यासारखी वर उसळली आणि बोटभर फट ठेवून तिथंच अडकली. काच फिरवायचा दांडा त्यांच्या हातात आला.

"आता उचल!" फटीतून ते गरजले. "उचल बघू!"

क्रेनवाल्यानं यंत्र बंद केलं. "आत माणूस असला की उचलता येत नाही. नियम आहे."

"मग खाली ठेव."

"आत माणूस असला की खालीही ठेवता येत नाही. हलवायचीच नाही. तुम्ही आधी बाहेर या."

"मी बाहेर आलो की तू उचलणार!"

"अर्थात."

क्रेनवाल्यानं दाराच्या कडीकडे हात नेला. त्याला काही कळायच्या आत चष्मेवाल्यांनी आतलं बटण दाबून कुलूप लावलं. बटण खाली गेलं, टक असा आवाज झाला आणि ते दाराच्या पोटात दिसेनासं झालं.

सुरुवातीला चष्मेवाल्यांना विजय मिळाल्यासारखं वाटलं. क्रेनचं धूड आवाराच्या फाटकातच आडवं उभं होतं. कुणाला आत येता येईना, कुणाला बाहेर जाता येईना. माणसं जमली. "काका, अजिबात हटू नका!" असं एकजण ओरडला आणि निघून गेला. चष्मेवाले मात्र दात काढायच्या खुर्चीत बसल्यासारखे पाठीवर पडून आभाळ बघत होते. पुढ्यात काचेवर 'बेवारस' हा शब्द उलटा दिसत होता.

मग ऊन आलं. गाडी तापायला लागली. सीटची एक स्प्रिंग, जी बसताना थोडीशी टोचायची, ती आता सगळ्या वजनानिशी पाठीत घुसली. छताचं कापड सुटून नाकाला लागत होतं. पेट्रोलचा, जुन्या रबराचा आणि कधीकाळी सांडलेल्या दुधाचा मिळून एक वास येत होता, जो चालत्या गाडीत वाऱ्यामुळे कळत नसे. पायाशी बघितलं तर पायपुसण्याखालून उजेड येत होता. त्यांनी टाचेनं पायपुसणं सरकवलं. तळाला भोक होतं. भोकातून पालिकेचं आवार दिसत होतं, आणि पालिकेच्या आवारातून एक मांजर वर त्यांच्याकडे बघत होतं.

इतकी वर्षं ते या गाडीत बसत होते, पण गाडीत बसून गाडीकडे बघायची वेळ पहिल्यांदाच आली होती. चष्मेवाल्यांना मनातल्या मनात एक गोष्ट कबूल करावी लागली. बायको म्हणत होती ते सगळं खरं होतं.

"अहो," ते फटीतून नरमाईनं म्हणाले, "उघडा आता. येतो मी बाहेर."

क्रेनवाल्यानं कडी ओढली. दोन्ही पाय लावून ओढली. दार उघडेना. मागचं दार ओढून पाहिलं, पण जे कुलूप लेकीच्या लग्नाला सुटलं नाही ते आज काय सुटणार! डावीकडच्या दोन्ही दारांना भिंत टेकलेली.

"किल्ली द्या फटीतून."

किल्ली गाडी सुरू करायच्या खाचेतच अडकली होती. हे तिचं नेहमीचंच होतं. तिरपी गाडी सरळ झाल्याशिवाय निघणारी ती नव्हे. दुसरी किल्ली घरी होती. शेवटी खिडकीतल्या बाईंनी वरून फोन लावला आणि चष्मेवाल्यांच्या बायकोला दुसरी किल्ली घेऊन बोलावलं.

बायको बसनं आली. गर्दीतून वाट काढत ती गाडीपाशी पोचली आणि आत आडवा पडलेला नवरा बघून तिनं कपाळाला हात लावला. तिनं किल्ली काढलीही होती. पण तेवढ्यात पालिकेचे मोठे साहेब खाली आले. त्यांची लांबलचक गाडी फाटकाच्या आत अडकली होती आणि त्यांना कुठंतरी सभेला पोचायचं होतं.

"कुणाची आहे ही?" साहेब कडाडले. "बाई, तुमची? अहो, लाज नाही वाटत? असलं भंगार रस्त्यावर आणता! फुकट दिली तरी रद्दीवाला घेणार नाही!"

किल्ली कुलपाजवळ गेलेली होती. ती तिथंच थांबली.

हेच शब्द, अगदी याच क्रमानं, बायको गेली कित्येक वर्षं घरात म्हणत आली होती. रद्दीवाल्याचा टोमणा तर खास तिचाच होता. पण ते घरात. परक्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर तिच्या कानशिलातून वाफा निघाल्या.

"भंगार कोणाला म्हणता?" तिनं किल्ली मुठीत घट्ट धरली. "माझी लेक हॉस्पिटलातून घरी आली ती या गाडीतून. सासूबाईंना शेवटच्या दिवसांत रोज दवाखान्यात नेलं ते या गाडीनं. एकदा नाही वाटेत बंद पडली!"

"अगं, चारदा पडली होती," आतून फटीतून क्षीण आवाज आला.

"तुम्ही गप्प बसा! साहेब, तुमची ही एवढी मोठी गाडी, सरकारी पैशाची, उद्या बदली झाली की दुसऱ्याची. तुम्हाला काय कळणार गाडी म्हणजे काय ते!"

"बाई, आधी दार उघडा. मला उशीर होतोय."

"आधी माफी मागा."

"अगं, उघड गं," चष्मेवाले आत कळवळले. "इथं भोक पडलंय. मांजर बघतंय माझ्याकडे."

"जरा दम धरा! तुमच्यासाठीच भांडतेय ना?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. फाटकातली क्रेन बघितली. गर्दीतल्या चार-दोन जणांनी मोबाइल उंच धरलेले बघितले. "ठीक आहे, बाई. माफ करा."

"माझ्याकडे बघून काय म्हणता? मला कुठं भंगार म्हणालात? तिच्याकडे बघून म्हणा."

मग पालिकेचे मोठे साहेब नाक आभाळाकडे करून लोंबकळणाऱ्या त्या गाडीकडे वळले आणि म्हणाले, "माफ करा." वर खिडकीतल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि साहेबांनी वर बघताच त्या फायली चाळायला लागल्या.

दार उघडलं. चष्मेवाले घसरत बाहेर आले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि पाठीवर स्प्रिंगची गोल नक्षी उमटली होती. ते बायकोच्या कानाशी लागले. "मी काय म्हणतो, एवीतेवी क्रेन आलेलीच आहे, तर घेऊन जाऊ दे यांना. तुझंच खरं होतं."

"काय?" बायको एवढ्या मोठ्यानं ओरडली की क्रेनवाल्यानं भीतीनं गाडी खाली सोडली. "माझी मान खाली घालायला निघालात? आत्ता चार लोकांसमोर मी काय बोलले? बसा! चला घरी!"

परतीच्या वाटेवर तिनं डॅशबोर्डवरची धूळ पदरानं पुसून काढली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "उद्यापासून मला चालवायला शिकायचंय. रोज सकाळी त्या साहेबांच्या दारावरून न्यायचीय मी ही. हॉर्न वाजवत."

"अगं, हॉर्न वाजत नाही तिचा."

"मग तो आधी करून आणा!"

तिनं खरोखरच शिकवणी लावली. शिकवणारे मास्तर म्हणाले, आमची गाडी घ्या, ती म्हणाली, नको, घरची आहे. गाडी सकाळी तिच्याकडे आणि संध्याकाळी गॅरेजात राहू लागली, म्हणून चष्मेवाले दुकानाला बसनं जाऊ लागले. बसमध्ये पाठीत काही टोचत नव्हतं. आठवड्याभरात त्यांचा चेहरा चांगला उजळला.

एके दिवशी बस चौकात थांबली होती. पुढे काहीतरी अडलं होतं. शेजारचा प्रवासी खिडकीतून वाकून बघत चिडून म्हणाला, "बघा हो, ती डबी बघा! भर रस्त्यात बंद पाडलीय, आणि वर बाई उतरून त्या ट्रकवाल्याशीच भांडतेय! असल्या गाड्या रस्त्यावर आणूच कशा देतात?"

"अगदी खरं बोललात," चष्मेवाले म्हणाले, आणि तिची नजर वर येण्याआधी खिडकीपासून जरा आत सरकले.