चौदा कॅडेट आणि एक निराधार

भाईंदरच्या एका शाळेत १९६९ साली ‘कर्तबगार युवक पदक योजना’ लागू झाली, आणि गावात निराधारांची तीव्र टंचाई असल्याचं प्रथमच उघडकीस आलं. योजनेची अंगं तीन: सेवा, कौशल्य आणि मोहीम. सेवा चाळीस तासांची, बिनमोबदल्याची आणि सरकारी यादीतल्या निराधार व्यक्तीचीच. शाळेत कॅडेट होते चौदा. यादीत नाव एकच, विमलाबाईंचं.

तेही कसं आलं, तर आदल्या वर्षी वरून निराधारांचा आकडा मागवला होता. ‘निरंक’ कळवलं की तपासणी लागते, हे ग्रामपंचायतीच्या कारकुनाला अनुभवाने ठाऊक. म्हणून त्याने रत्नागिरीकडून आलेल्या, विधवा आणि एकट्या विमलाबाईंचं नाव ठोकून दिलं. विमलाबाई केबिन रोडच्या चाळींत नऊ घरी पाणी भरायच्या आणि कोणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत.

चौदा जणांत पेणकरपाड्याच्या शिवदास मिठागरवाल्याची थोरली मंजुळा होती. तिला पदक हवंच होतं. पदकवाल्या मुलीला नर्सच्या शिक्षणाला आधी घेत, आणि शिवदासने साफ सांगितलं होतं की पदक आणलंस तर शीक, नाहीतर वैशाखात उजवून टाकतो. कौशल्याचं तिने निभावून नेलं. मिठागराचा बांध घालण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं, पण योजनेच्या कौशल्यांच्या यादीत ते बसेना. तेव्हा चार दिवसांत ती पुष्परचना शिकली. फुलं कागदाची होती. परीक्षकांनी टवटवीतपणाला दहापैकी आठ दिले.

सेवेपाशी मात्र घोडं अडलं. पहिल्या सकाळी चौदा कॅडेट विमलाबाईंच्या दारात रांगेने उभे राहिले. पिंप पाच मिनिटांत भरलं, अंगण तीनदा झाडून झालं, आणि शेवटच्या कॅडेटने नाइलाजाने बाईंना हाताला धरून रस्त्यापलीकडे नेलं. पलीकडे त्यांचं काही काम नव्हतं.

एवढ्याने चौदा जणांचे चाळीस-चाळीस तास कसे भरणार? योजनेचं काम बघणाऱ्या महिपत सरांनी नियमावली उलटीसुलटी वाचून तोड काढली. निराधाराचं काम करणं हीसुद्धा निराधाराची सेवाच. दुसऱ्या दिवसापासून विमलाबाईंच्या नऊही घरांचं पाणी कॅडेट भरू लागले, शिट्टीच्या तालावर. बाईंनी घरी बसून विश्रांती घ्यावी, असा लेखी आदेश निघाला. महिनाअखेरीला त्या पैसे मागायला चाळीत गेल्या, तर बायका म्हणाल्या, पाणी तुम्ही कुठे भरलंत? त्यात खोटं काही नव्हतं. दीड महिन्यात विमलाबाईंची चूल थंडावली, आणि महिपत सरांच्या जिवात जीव आला. आता यादी आणि वस्तुस्थिती यांत तफावत उरली नव्हती.

हे काय चाललंय ते मंजुळेला दिसत होतं आणि सलतही होतं. पण तिचे अडतीस तास झाले होते. उरलेले दोन भरले की सरांशी बोलायचं, असं तिने ठरवलं. आपण सगळेच असं ठरवतो. तेवढ्यात विमलाबाई खोलीला कुलूप घालून उत्तनला बहिणीकडे निघून गेल्या, आणि सेवा पोचल्याचा अंगठा चौदा अर्जांवर कोण लावणार हा गहन प्रश्न उभा राहिला.

सरांनी तिसरं अंग, म्हणजे मोहीम, याच कामी लावलं. उत्तनला एस.टी. जात होती, पण मोहिमेत एस.टी.ला मनाई. होकायंत्राने दिशा काढत तुकडी पायी निघाली. दोनदा वाट चुकली आणि दोन्ही वेळा ती एस.टी.च्याच कंडक्टरला विचारावी लागली. विमलाबाई सापडल्या त्या समुद्रकाठी बोंबील वाळत घालताना, पहिल्याइतक्याच खणखणीत.

सरांनी अर्ज पुढे केले. वर छापलं होतं, ‘सेवेपूर्वी मी निराधार होते. सेवेमुळे स्वावलंबी झाले.’ त्यांनी ते वाचून दाखवलं.

“मास्तर, झालं ते ह्याच्या उलटं,” विमलाबाई म्हणाल्या.

“उलट्याला रकाना नाही, बाई.”

मंजुळेने आपला अर्ज ओढून घेतला. “मावशी, माज्या कागदावर अंगठा नको देऊ. खोटं हाय ते.”

“मग तुज्या शिक्षनाचं काय?”

विमलाबाईंनी कागद तिच्या हातून घेतला आणि अंगठा उमटवला. “मला काम कुटंबी मिळंल. तू शिकाया जा.” मग कटकट नको म्हणून उरलेल्या तेरांवरही लावून टाकला. मंजुळेला तिथेच रडू फुटलं. सरांनी त्याची नोंद ‘मोहिमेतील थकवा’ अशी केली.

पदकदान थाटात झालं. मंजुळा नर्सच्या शिक्षणाला गेली. ते पदक तिने कधी छातीला लावलं नाही, पण परतही केलं नाही. इकडे चाळीतली पिंपं कोरडी पडली. बायकांनी उत्तनला निरोप धाडला, विमलाबाई आल्या नाहीत. तेव्हा बायकांनी सह्या करून शाळेला अर्ज दिला की दुसरी तुकडी ताबडतोब सुरू करावी. शाळेची तयारी आहे, फक्त निराधाराची एक जागा रिकामी आहे.

हे वाचून विमलाबाईंसाठी आपला जीव हळहळला असेल, तर तो वाया जाणार नाही. सुधारित नियमांप्रमाणे हळहळ अर्धा तास सेवा म्हणून धरतात. अर्जात तारीख घालावी आणि आपल्या घरी राबणाऱ्या बाईंचं पूर्ण नाव लिहावं. ते ठाऊक नसल्यास रकाना कोरा सोडला तरी चालतो.