पागोट्यापुढील जबानी

श्री. ज्यांनी डोळां देखिले त्यांस पुसोन, ज्यांनी नाही देखिले त्यांसही पुसोन, आणि चवीपुरते मीठ पदरचे घालोन हे लिहिले असे. शके सोळाशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, ते समयी एके राज्यात घाटाची नायकी रिकामी जाहली. राज्याचे नाव सांगोन काय करावे, सारी राज्ये थोडीबहुत तैसीच. घाट म्हणजे राज्याचा उंबरठा, आणि नायकाचे शब्दावर तो उघडावा आणि मिटावा, ऐसा मोठा हुद्दा. ही नायकी आपणास मिळावी ऐसा हेत हैबती शिंगाडे नामे शिलेदार मनी धरोन होता. पूर्वी दोन वेळ मागितली आणि दोन्ही वेळ कारभारियांनी दुसऱ्यास दिधली. पहिले वेळी हैबतीने दैवास शिव्या दिल्या, मग कारभारियांस दिल्या, आणि मग घोड्यास दिल्या, घोडा बापडा काय करणार! दुसरे वेळीही तैसेच आरंभिले तेव्हा त्याची बाईल सगुणा भाकरी थापता थापता बोलिली, "साऱ्या मुलखाला कोसून झालं. आता ज्याला नायकी पायजे त्यालाच एकडाव इचारा, का देत न्हाईत म्हून." हे बोलणे हैबतीचे काळजात रुतले, आणि ते दिवशी त्याजला भाकरी गोड लागली नाही.

मग त्याणे ऐसा नेम केला की, दर एकादशीस सकाळी स्नान करोन डोईचे पागोटे उतरावे, ते तबेल्यातील मेढीवर, म्हणजे घोडा बांधावयाचे खांबावर, ठेवावे, आणि बोडक्या डोईने त्यापुढे उभे राहोन मुजरा करावा आणि जबानी द्यावी. पागोटे म्हणजे जो नायक व्हावयाचा तो, आणि बोडका म्हणजे आज जो आहे तो, ऐसी त्याची समजूत. या पंधरवड्यात काय साधले, कोठे घसरलो, घाटाकडे पाऊलभर सरकलो की तबेल्यातच गिरक्या घेतल्या, हे मोठ्याने सांगावे. सांगता सांगता उमगले की आपली जीभ तिखट, म्हणोन वाईट खबर घेवोन माणूस आपणाकडे येत नाही. आणि घाट घाट म्हणतो खरे, परंतु हमरस्त्यावाचून एक चोरवाट ठावी नाही. मग राग आला की सुपारी तोंडात टाकावी आणि ती चघळोन संपे तो अक्षर बोलो नये, ऐसे बांधोन घेतले. आणि रामोशियांचे मागे काट्याकुट्यांतून हिंडोन वाटा शिकला. पहिले वर्षी सुपारी फार लागली, पुढे कमी लागो लागली.

नायकीवर डोळा ठेवणारा दुसरा शिलेदार बजाजी तोंडे. त्याणे हे तबेल्याचे फटीतून पाहिले आणि दरबारी जावोन कानी घातले की, "महाराज, मुजरा तो गादीस. हैबती आपलेच पागोट्यास मुजरा करितो. उद्या छत्र मागेल!" त्या राज्यी धन्यावाचून इतरास मुजरा करणे म्हणजे घोडा जावा, वतन जावे, वेळ पडलिया शिरही जावे. हैबतीस बोलावणे आले. सगुणा इतकेच बोलिली, "जे मेढीला सांगता तेच सांगा. नवं काय करू नगा."

दरबार भरला, आणि नायकीचा निवाडाही तेच बैठकीत व्हावयाचा होता. तेथील चाल ऐसी की हुद्दा मागणाराने आज्याचा पराक्रम सांगावा. बजाजीने आज्याकडोन तीन किल्ले घेवविले, त्यातील एक तर आपल्याच राज्याचा होता. मग महाराज हैबतीस बोलिले, "जे तबेल्यात करिता ते आम्हांदेखत करा." हैबतीने पागोटे उतरिले. भर दरबारी बोडके होणे म्हणजे अब्रू उतरणे, सारी सभा हळहळली. त्याणे ते गालिच्यावर ठेविले, मुजरा केला, आणि जिवाचे भय गिळोन बोलिला, "आज एकादशी नव्हे, तरी सांगतो. या पंधरवड्यात खिंडीपाशी बैल घसरला आणि मी बैलवाल्यास मारिले. सुपारी तोंडात टाकणे विसरलो. पुढे मी होतो, वाट खचली होती ते मी पाहावयाचे, त्याणे नव्हे. दुसरे दिवशी त्याचे घरी जावोन चूक कबूल केली आणि वाट बांधोन दिली. मागे दोन वेळ नायकी मिळाली नाही ते बरोबर जाहले, मी लायक नव्हतो. आज आहे. म्हणोन आज्याचे नावे नव्हे, आपले नावे मागतो."

महाराज गादीवरोन उतरले, गालिच्यावरील पागोटे स्वहस्ते उचलिले, हैबतीचे डोईस घातले, आणि बोलिले, "शिंगाडे, घाट तुमचा. ऐसे आम्हांस कोणी पुसिले नाही, आणि आम्हीही आम्हांस पुसिले नाही." पुढील एकादशीस महालाचा दरवाजा सकाळी आतून लागला, आणि हुजऱ्यांस बाहेर थांबणे जाहले. ते पाहोन साऱ्या राज्यात पागोटी उतरो लागली. कित्येक उन्हात वाळत घालोन तोच नेम म्हणत, परंतु काही खरी होती.

हैबती घाटावर गेला, तरी एकादशीचा नेम सोडिला नाही. सगुणा हसोन बोलिली, "आता झालात की नायक. अजून काय इचारायचं ऱ्हायलंय?" तो बोलिला, "झालो ते काल. आजचं आज इचारतो." हे ऐकोन तिने भरले डोळे पदरास पुसिले, आणि पागोट्यावरील धूळ आपले हाते झाडिली.

त्या राज्यी नायक बहुत जाहले. कोणी आज्याचे पुण्याईने, कोणी कारभारियांचे मेहेरबानीने. आपणास पुसपुसोन जाहला तो हैबती शिंगाडे, आणि तो असे तोवर घाटाची वाट एकही दिवस खचली नाही. हे त्या मुलखाचे भूषण, म्हणोन लिहोन ठेविले.