नकाशात आपण तेवढे पिवळे

साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक मुरडलं.

"हे मधेच पिवळं काय राहिलंय?"

ते मधलं पिवळं म्हणजे आपला देश होता. आपला म्हणजे साहेबांचा, आकडेबाईंचा, थोरल्याचा आणि त्या क्षणी खाली रस्त्यावर निवांत भाजी घेत असलेल्या सगळ्या लोकांचा.

या संस्थेचा धंदाच रंगांचा होता. जगात कुठं लढाई पेटेल, कुठं दंगल होईल, कुठलं सरकार कधी गडगडेल, याचा अभ्यास करून ती प्रत्येक देशाला रंग देई. हिरवा म्हणजे खुशाल जा. पिवळा म्हणजे जपून जा. नारिंगी म्हणजे अडलंच असेल तर जा, आणि लाल म्हणजे आत असाल तर बाहेर पडा. विमा कंपन्या, बँका, जहाजवाले हे रंग विकत घेत आणि त्याप्रमाणे आपली माणसं पाठवत किंवा थांबवत. हिरवा रंग द्यायची छाती गेल्या कित्येक वर्षांत कुणाला झाली नव्हती. लाल म्हटलं आणि काही घडलं नाही, तर लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. हिरवा म्हटलं आणि काही घडलं, तर लोक वकील पाठवतात.

थोरला इथं ज्येष्ठ विश्लेषक होता. घरातल्या दोन भावांतला मोठा, म्हणून आपणही त्याला थोरलाच म्हणू. शेजारचे तिन्ही देश या खेपेला त्यानं नारिंगी केले होते. एकाचा लष्करप्रमुख आजारी पडला होता, दुसऱ्याचा बरा झाला होता, आणि तिसऱ्याबद्दल कुणालाच काही कळत नव्हतं, हीच मुळात काळजीची गोष्ट होती.

"साहेब, आपल्याकडे काही झालेलंच नाहीये," थोरला म्हणाला.

"होणार नाही असं लिहून देतोस?"

असं कुणी लिहून देत नसतं. आकडेबाईंनी, म्हणजे सगळ्या देशांचे धोक्याचे गुण मोजणाऱ्या बाईंनी, मान वर न करता सांगितलं, "गुणांप्रमाणे आपण पिवळ्यातच बसतो. काठावरसुद्धा नाही."

"अहो, हा नकाशा मुखपृष्ठावर जायचाय! असं वाटतंय, छापखान्यातली शाई संपली. भरून टाक रे तेवढं."

थोरल्यानं भरून टाकलं. खाली एक वाक्य लिहायचं होतं, तेही लिहिलं: 'परिस्थिती वरकरणी शांत दिसत असली तरी अंतर्गत ताण नाकारता येणार नाहीत.' हे वाक्य संस्थेत नव्या माणसाला खुर्चीबरोबरच मिळे. ते कुठल्याही देशाला बसे. खरं तर कुठल्याही घरालाही बसलं असतं. सही होताच अहवाल ग्राहकांना रवाना झाला, आणि थोरला वेळेवर घरी गेला.

घरी आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी थोरल्याला दाराबाहेर नेऊन हळू आवाजात सांगितलं होतं, की ज्यांना भेटायचंय त्यांनी आता फार लांबवू नये. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण माणसं दाराबाहेर जाऊन हळू का बोलतात, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. धाकटा मुलगा परदेशात एका मोठ्या तेल कंपनीत इंजिनिअर होता आणि वर्षानुवर्षं आला नव्हता. आता एकदाची त्याची रजा मंजूर झाली होती, तिकीटही निघालं होतं. आईनं त्याच्यासाठी खोली दोनदा झाडून घेतली होती. दोन्ही वेळा थोरल्याकडून.

"जगाची काळजी ऑफिसात कर," ती म्हणाली, "इथं आधी पंखा पूस. त्याला धुळीनं शिंका येतात."

थोरला स्टुलावर चढून पंखा पुसत असतानाच धाकट्याचा फोन आला. थोरल्याच्या बायकोनं तो त्याला स्टुलावरच हातात दिला.

"दादा, सगळी बोंब झाली. कंपनी सोडत नाहीये. म्हणतात, तुझा देश नारिंगी झालाय, आम्ही माणूस पाठवणार नाही. स्वतःच्या खर्चानं गेलास तर परत कामावर येऊ नकोस."

"असं कसं म्हणतात?"

"कुणीतरी दीडशहाण्यानं अहवालात लिहिलंय. वरकरणी शांत, अंतर्गत ताण, असलं काहीतरी. थांब, संस्थेचं नाव वाचतो." फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. "दादा... ही तुमचीच ना रे?"

थोरल्याच्या हातातलं फडकं आईच्या पांघरुणावर पडलं.

"मी बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बघितलं. रंग वर चढवायला संस्थेत एक सही पुरे. खाली उतरवायला मात्र बाहेरच्या दोन जाणकारांचा लेखी दुजोरा लागे. हा नियम थोरल्यानंच केला होता, आणि त्याबद्दल त्याचा सत्कारही झाला होता. त्यानं एका परदेशी वकिलातीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला फोन लावला.

"तुमच्या मते आमच्याकडची परिस्थिती कशी आहे?"

"वरकरणी शांत आहे," अधिकारी म्हणाला. "पण अंतर्गत ताण नाकारता येणार नाहीत."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की! कालच वाचलं. फार मार्मिक लिहिलंय."

विमा कंपनीतही तेच, बँकेतही तेच. एका प्राध्यापकानं तर स्वतःचं मत म्हणून तेच वाक्य ऐकवलं आणि वर त्याचं मानधन किती मिळेल ते विचारलं.

तोवर बाहेर रंगानं आपलं काम सुरू केलं होतं. जहाजांचा विमा महागला, तेव्हा दोन तेलवाहू जहाजं येता येता परत फिरली. ती परत फिरली तशा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. रांगा पाहून टीव्हीवाल्यांनी चर्चा ठेवली आणि तज्ज्ञ म्हणून थोरल्यालाच बोलावलं. त्याला वाटलं, देवच पावला. कॅमेऱ्यात बघून तो अगदी कळकळीनं म्हणाला, "घाबरण्याचं काहीही कारण नाही. कृपा करून कुणीही किराणा साठवू नका."

संध्याकाळपर्यंत शहरातल्या एकाही दुकानात साखर उरली नाही.

"छान दिसलास हो टीव्हीवर," आई म्हणाली. "पण तू घाबरू नका म्हणालास ना, तेव्हा मात्र मला धस्स झालं."

"मी तर तेव्हाच पिशवी घेऊन निघाले," बायको म्हणाली. स्वयंपाकघरात तेलाचे डबे ओळीनं उभे होते.

ऑफिसात आकडेबाई गुण वाढवत होत्या. दुकानांपुढे रांगा, गुण. परदेशी कंपन्यांची माघार, गुण. सरकारनं चिडून संस्थेचा निषेध केला, तर मतस्वातंत्र्यावर दडपण, आणखी गुण.

"अहो बाई, या रांगा आपल्यामुळेच लागल्यात!" थोरला कळवळून म्हणाला.

"रांग कशामुळे लागली याला रकाना नाहीये," बाई म्हणाल्या. "तुम्हीच काढून टाकायला लावला होता. किचकट होतं म्हणून."

आता लाल व्हायला अगदी थोडं कमी होतं, आणि ते थोडं कुठून आणायचं हे विश्लेषकानं ठरवायचं असे. थोरल्यानं ठरवलं होतं, काही झालं तरी लाल करायचं नाही. लालचा अर्थ त्याला ठाऊक होता. लाल झालेले देश त्यानं कागदावर पाहिले होते. त्यांतले काही अजून कागदावरच शिल्लक होते.

पण त्या आठवड्यात आईला चार पावलांवरच्या न्हाणीघरात जातानाही दम लागू लागला. डॉक्टर आले, तपासून झालं, आणि या खेपेला ते दाराबाहेरसुद्धा गेले नाहीत. तिच्यासमोरच मान हलवली. ते गेल्यावर आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "धाकट्याला सांग, जमलं तर ये. नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नकोस." हे तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं, की थोरल्याला रडू फुटलं. ते लपवायला त्यानं गॅलरीत जाऊन भावाला फोन लावला.

"एक वाट आहे," धाकटा चाचरत म्हणाला. "आमच्या नियमात नारिंगी देशात जायला बंदी आहे. पण लाल देशात कंपनी स्वतःचं विमान पाठवते. नोकराच्या जवळच्या नातेवाइकांसाठी. आणि सोबत त्या नोकरालाही नेतात, ओळख पटवायला."

"म्हणजे नारिंगीत येता येत नाही, आणि लालमध्ये विमानानं सोडतात?"

"नियमच तसाय, दादा. मी काय करू?"

थोरला गॅलरीत उभा राहिला. खाली रस्त्यावर माणसं रिकामे कॅन घेऊन चालली होती. त्यातल्या कुणाचं काहीही वाईट करायची त्याची इच्छा नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं देश लाल केला. एकच सही लागली.

साहेबांनी त्याला मिठी मारली. "स्वतःच्या देशाला लाल! याला म्हणतात निःपक्षपातीपणा!" आणि त्याच दुपारी त्यांनी जाहीर केलं, की संस्था आपल्याच सल्ल्याप्रमाणे कार्यालय परदेशी हलवत आहे. साहेब जाणार होते, आकडेबाई जाणार होत्या, नकाशे आणि कॉफीचं यंत्रही जाणार होतं.

"आणि मी?"

"तुला कसं नेता येईल? कुणीतरी जागेवर हवाच ना! आता तुझ्या माहितीला खरी किंमत."

लाल रंगानं मग कुणाची वाट पाहिली नाही. बँकांनी पैसे काढण्यावर मर्यादा घातली. लोकांनी एका बँकेची दारं फोडली, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात दोघं गेले. त्यातला एक थोरल्याच्याच रस्त्यावरचा चपला शिवणारा होता. संध्याकाळनंतर घराबाहेर पडायला बंदी झाली. अहवालातलं एकेक वाक्य खरं होत होतं. इतका अचूक अंदाज थोरल्यानं उभ्या नोकरीत कधी केला नव्हता, आणि त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

पण विमान आलं. भर दुपारी दारापुढे चिलखती गाडी थांबली आणि शिरस्त्राण घातलेला एक गडी आत आला. ते काढल्यावर आतून धाकटा निघाला. पंख्याखाली उभा राहून तो आधी शिंकला.

आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. एकदा, दोनदा, मग कानांवरून, केसांवरून. "वाळलास रे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे वाहायला लागले. धाकटा गुडघे टेकून तिच्या मांडीत डोकं खुपसून बसला. थोरला दाराशी उभा होता. सगळ्या देशाची राखरांगोळी करून त्यानं हा क्षण मिळवला होता, आणि त्या क्षणी तरी त्याला तो महाग वाटला नाही.

"चहा टाकते," बायको म्हणाली. "भावजी, चांगले आठवडाभर राहा आता."

धाकट्याच्या मागे दोन रक्षक आणि एक नर्स आत आले होते. नर्सनं चाकांची खुर्ची उघडली.

"वहिनी, चहाला वेळ नाही. आईला घेऊन लगेच निघायचंय."

"निघायचं म्हणजे?" थोरल्यानं विचारलं. "तू तिला भेटायला आलायस ना?"

"दादा, विमान भेटायला नाही सोडत. बाहेर काढायला सोडतात. तिथं आईसाठी मोठं हॉस्पिटल ठरवलंय, तिला बरं वाटेल."

"थोरल्यालाही घ्या की," आई म्हणाली. ती एव्हाना खुर्चीत बसवली गेली होती.

एका रक्षकानं यादी पाहिली. "आईवडील, नवराबायको, मुलं. भाऊ बसत नाही यात."

बायको कपाटातून औषधं काढून पिशवीत भरू लागली. सकाळची कुठली, रात्रीची कुठली, हे ती नर्सला पुन्हा पुन्हा सांगत होती आणि नर्सला भाषा कळत नव्हती. थोरल्यानं आईच्या खांद्यावर शाल टाकली. आईनं त्याचा हात धरला.

"सांभाळून राहा रे. तुमच्याकडची परिस्थिती काही बरी नाही."

चिलखती गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी तो उंबऱ्यातच उभा होता. संध्याकाळ झाली तशी पोलिसांनी शिट्टी वाजवून त्याला आत पिटाळलं.

आईचं तिकडं ऑपरेशन झालं. ती वाचली, एवढंच नाही, तर चालू-फिरू लागली. थोरल्यानं व्हिसासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला, कारण कंपन्यांनी काढून आणलेल्यांखेरीज लाल देशातल्या माणसांना प्रवेश बंद होता. खाली आधार म्हणून थोरल्याच्याच अहवालाचा उल्लेख होता. मग त्यानं देशाचा रंग उतरवायला घेतला. गोळीबार थांबला होता, दुकानं अर्धी उघडली होती, त्याच्याकडे पुरावे होते. बाहेरच्या दोन जाणकारांचा दुजोरा तेवढा हवा होता, पण असे जाणकार आता देशात कुणी राहिलेच नव्हते. जे बाहेर गेले होते ते सांगत, आम्ही तिथं नाही, आम्ही कसं लिहून देणार? साहेब सांगत, एकट्याच्या शब्दावर रंग उतरवता येत नाही, तुलाच माहीत आहे.

रविवारी आईचा फोन येई. वीज असली तर तिचा चेहराही दिसे. गाल भरले होते.

"धाकटा करतो रे सगळं," ती म्हणाली. "पण आता तुला बघावंसं वाटतं. मी काय, आज आहे, उद्या नाही. कधी येतोस?"

"येईन ना. परिस्थिती निवळली की लगेच."

"निवळली की नाही, हे कोण ठरवतं?"

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं मान फिरवली.

"आहे एक माणूस, आई. आमच्याच ऑफिसातला."

"मग त्याला जाऊन सांग ना, माझी आई वाट बघतेय म्हणून. आईबापाचाच असेल ना तोही! ऐकेल."

"सांगितलं गं," थोरला म्हणाला. "त्यानं ऐकलंही. पण त्याचं आता कुणी ऐकत नाही."