साडेचार वर्षांची समुपदेशक

आधी घरी एकदा सराव करावा, असं मी ठरवलं. तिथेच चुकलं.

आम्हा समुपदेशकांना दरवर्षी एका सत्राचं रेकॉर्डिंग वरिष्ठ बाईंना ऐकवावं लागतं (आलेल्या माणसाच्या परवानगीनेच). बाईंची सही मिळाली तर काम चालू, नाहीतर घरी बसा. म्हणून रविवारी दुपारी नवऱ्याला सोफ्यावर बसवलं आणि फोनवर रेकॉर्डिंग लावलं.

"सांगा, काय त्रास होतोय?"

"झोप पुरत नाही," तो म्हणाला आणि लगेच घोरायला लागला.

यावर मला रडू फुटलं. (समुपदेशक रडत नाहीत असा लोकांचा समज आहे. तो मीच पसरवलाय.)

सोमवारी बाईंसमोर फोन ठेवला, तर चुकून रविवारचं, बंद करायचं राहिलेलं रेकॉर्डिंग मधूनच सुरू झालं; आधी माझं नाक शिंकरणं ऐकू आलं. मग आमच्या लेकीचा आवाज.

"आई, का रडतेस?"

मी झडप घातली. बाईंनी माझा हात धरला. "थांब. ऐकू दे."

"मला काही नीट जमत नाही गं."

"काय काय?"

"तुझा डबा विसरले. कामावर एक काकू रडल्या, तर मला काय बोलावं सुचेना."

"मग?"

"गप्प बसले."

"मीपण बसते."

पुढे मिनिटभर नुसतं घोरणं.

"बरं वाटलं?"

"हो."

"मग झालं. माझं कार्टून लागलं."

बाईंनी चष्मा पुसला. "उपदेश नाही, घाई नाही, आणि वेळेवर संपवलं. तुझं सत्र कधी वेळेवर संपतं का गं? आणि हे घोरतंय कोण?"

"सरावाचे... म्हणजे आमचे हे."

"तुझ्यासमोर इतका निवांत झालेला माणूस पहिल्यांदाच ऐकला."

मग खरं रेकॉर्डिंग ऐकून त्यांनी माझ्या फॉर्मवर सही केली. 'स्वतःची काळजी कशी घेता?' या रकान्यात मी 'वेळ मिळत नाही' लिहिलं होतं. ते खोडून त्यांनी लिहिलं, 'दर गुरुवारी चार वाजता माझ्याकडे येते.' वर म्हणाल्या, "रुमाल आण. माझे पुरायचे नाहीत."

कित्येक महिन्यांचं ओझं उतरल्यासारखी घरी आले. लेक चित्र रंगवत होती. तिला जवळ घेतलं, तर डोळे पुन्हा भरून आले.

तिने मान वर केली नाही. "अपॉइंटमेंट घेतलीस?"